डॉक्टरांची हेरल्ड

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील मनोगत)



संयोजकांनी मला 'निवृत्तीनंतरचा माझा उद्योग' या विषयावर बोलायला सांगितलं आहे. तो उद्योग तुम्ही सकाळी आत येतानाच पाहिलात. फाटकाजवळ फिकट निळी, दोन दारांची गाडी उभी आहे. निदान वीस जणांनी मला विचारलं, "डॉक्टरांचीच का रे?" होय, डॉक्टरांचीच.

आपल्या लहानपणी मंगळवेढ्यात मोटारी बोटावर मोजण्याइतक्या होत्या. त्यातली ही एक डोळ्यांत भरायची. बॉनेट आणि पुढची दोन्ही मडगार्डं मिळून अख्खा पुढचा भाग उलटा उघडायचा, सुसरीनं जबडा वासावा तसा. गाडी बंद पडली की मधली सुट्टी लांबायची, कारण ढकलायला आपण असायचो. सर, तेव्हा आम्ही उशिरा वर्गात आलो की 'डॉक्टरांची गाडी ढकलत होतो' असं सांगायचो. त्यातलं निम्मं खरं असायचं.

तेव्हा गाडीचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. ही स्टँडर्ड हेरल्ड. मूळची इंग्लंडची, 1959 सालची ट्रायम्फ हेरल्ड. तिची आखणी मिकेलोत्ती या इटालियन माणसाची. 1961 पासून मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स कंपनीनं ती आपल्याकडे बनवली. इंजिन 948 सीसीचं. त्या काळात रस्त्यावर मुख्यतः तीनच गाड्या दिसत: अँबॅसिडर, फियाट आणि ही. हेरल्डचाच सांगाडा आखूड करून ट्रायम्फनं 1962 साली स्पिटफायर नावाची स्पोर्ट्स कार काढली. म्हणजे आपण ढकलत होतो ती एका स्पोर्ट्स कारची थोरली बहीण होती. ही गाडी सुमारे पंचवीस फुटांच्या वर्तुळात वळते. आपल्या बोळांतून डॉक्टर एका दमात कसे वळायचे, त्याचं उत्तर हे.

डॉक्टरांनी ती 1966 साली घेतली. रात्री-अपरात्री अडलेल्या बाईला मागच्या सीटवर घालून पंढरपूर नाहीतर सोलापूर गाठायचं, हे तिचं खरं काम. या सभागृहात निदान तिघं असे आहेत की ज्यांच्या आयांनी तो प्रवास केला होता. 1991 साली डॉक्टर गेले आणि गाडी वाड्याच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली. ती तीस वर्षं उभीच होती.

2021 च्या दिवाळीत मी काकूंना भेटायला गेलो. त्यांच्याकडे भंगारवाला येऊन गेला होता. त्यानं वजनावर भाव सांगितला होता. मी म्हटलं, "काकू, मला द्या. छान रंगवून ठेवतो." काकू म्हणाल्या, "ठेवायचीच असेल तर इथं काय वाईट आहे? चालवणार असशील तर ने. दामाजीपंतांच्या गावात भरलेलं कोठार बंद ठेवून कुणाचं भलं झालंय?" मी शब्द दिला आणि गाडी ट्रॅक्टरला बांधून घरी आणली.

आता थोडं तांत्रिक, पण कंटाळा येऊ देणार नाही. आपल्याला वाटतं गाडी चालून झिजते. उभी राहून ती जास्त बिघडते. पेट्रोल उडून जातं आणि टाकीच्या तळाला डिंकासारखा चिकट थर उरतो. ब्रेकचं तेल हवेतलं पाणी ओढून घेतं. त्यामुळे सिलिंडर आतून गंजून दट्टे जाम होतात. रबर कडक होऊन तडकतं. आणि उंदीर! एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांनी घर केलं होतं, मालदांडीच्या कणसांचा भुसा भरून. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या उंदरांना तिची चव त्याच्या कितीतरी आधी कळली होती. एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची होती. कोकणात ही गाडी तीस वर्षांत मातीला मिळाली असती. आपली हवा कोरडी, म्हणून सांगाडा शाबूत राहिला.

मी नोकरीतला इंजिनिअर. जोश खूप, पण थोडं सबुरीनं घेतलं. बॅटरी लावून लगेच स्टार्टर मारला असता तर जाम झालेल्या रिंगा तुटल्या असत्या. म्हणून चारही प्लग काढले, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडलं आणि आठवडाभर तसंच मुरू दिलं. मग चौथा गिअर टाकून गाडी पुढं-मागं हलवत राहिलो. तिसऱ्या दिवशी इंजिन वीतभर फिरलं. त्या दिवशी घरात शिरा झाला. टाकी उतरवून धुतली, कार्बोरेटर उकलला, ब्रेकचा सगळा संच बदलला, वायरिंग नवीन केलं. पंधरा महिन्यांनी, 2023 च्या संक्रांतीनंतर, इंजिन सुरू झालं. मी सुट्ट्या भागांची पुस्तकं वाचली, चेन्नईहून जुने भाग मागवले, आणि जिथं जिथं ग्रीसचं निप्पल दिसलं तिथं गन लावून ग्रीस भरलं. मनात म्हटलं, झालं काम! पुढच्या रविवारी काकूंना घेऊन पंढरपूरला जायचं ठरवलं.

शुक्रवारी सांगोला रोडवरचा एक ट्रॅक्टर मिस्त्री दुसऱ्याच कामासाठी आमच्याकडे आला. गाडी दिसल्यावर थबकला. बॉनेट उघडं होतं. खाली वाकून त्यानं पुढच्या चाकाच्या मागं बोट फिरवलं, बोटाला लागलेलं बघितलं आणि मला म्हणाला, "हितं गिरीस कुणी घातलं रं?"

मी म्हटलं, "मी."

"हितं गिरीस न्हाई, तेल जातंय. नव्वद नंबर. डॉक्टरच्या गाडीला दर म्हैन्याला मीच घालत हुतो."

मी त्याच्याकडं नीट पाहिलं. तो आपल्या वर्गातला होता. पाचवीपासून आठवीच्या सहामाहीपर्यंत माझ्या मागच्या बाकावर बसत होता. वडील गेले आणि तो स्टँडजवळच्या गॅरेजमध्ये लागला. डॉक्टरांची गाडी तिथंच यायची. त्याचं नाव मी सांगणार नाही. घेतलंस तर उठून जाईन असं त्यानं मला बजावलं आहे.

त्यानं सांगितलं ते असं. हेरल्डच्या पुढच्या चाकाला आधार देणाऱ्या पोलादी दांड्याचं खालचं टोक पितळी ठोकळ्यात आट्यांनी बसवलेलं असतं. त्याला ट्रनियन म्हणतात. स्टिअरिंग फिरवलं की दांडा त्या आट्यांत फिरतो. तिथं पातळ तेलच आतपर्यंत झिरपतं. ग्रीस तोंडाशीच बसतं, सुकतं, आत पाणी अडकतं आणि पोलाद आतून गंजत जातं. बाहेरून काही दिसत नाही. एक दिवस दांडा मोडतो आणि चाक आडवं होतं. आम्ही दोघांनी त्याच दुपारी चाक उतरवलं. डाव्या दांड्याच्या आटे गंजानं खाल्ले होते आणि मानेला केसाएवढी चीर होती. तो गंज तीस वर्षांचा होता, पण वरून ग्रीस भरून त्यावर झाकण घालणारा मी होतो. पंढरपूरच्या रस्त्यावर साठच्या वेगात, शेजारी ऐंशी पार केलेल्या काकू. पुढचं मी बोलत नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसरा दांडा मिळवायला आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरात बुश करवून घ्यायला चार महिने गेले. सगळी जोडणी त्यानं केली. मी पाने देत होतो. मजुरीचा हिशेब त्यानं रोखठोक लावला, मी तसाच चुकता केला. उगाच मैत्रीच्या नावाखाली त्याचे पैसे बुडवावेत, असं काही घडलं नाही.

याच दिवसांत एक गोष्ट झाली आणि ती सांगायला मी आज उभा आहे. या मेळाव्याची नावांची यादी करण्याचं काम माझ्याकडे होतं. ती माझ्या टेबलावर पडली होती. चहा पिताना त्यानं ती उचलली, बोट फिरवत खालपर्यंत वाचली आणि जागेवर ठेवली. मी म्हटलं, "अरे, तुझं नाव..." तो म्हणाला, "आमचं कशाला असंल? आम्ही कुटं धावी झालो?"

मी ती यादी दहावीच्या निकालावरून केली होती. सोपं पडलं होतं. मग शाळेत येऊन पाचवीचा हजेरीपट मागितला. आठवून बघा, पाचवीला आपल्या दोन तुकड्या होत्या. दहावीला एकच उरली होती. 1972 च्या दुष्काळानंतरची ती वर्षं. कुणी आईवडिलांबरोबर खडी फोडायला गेलं, कुणी ऊसतोडीला, कुणी हॉटेलात कपबशा धुवायला. मुलींची लग्नं झाली. त्यांनी शाळा सोडली तेव्हा आपण तेरा-चौदा वर्षांचे होतो, आपला काही दोष नव्हता. पण मेळाव्याची यादी करताना मी साठीचा होतो. त्यांना दुसऱ्यांदा वगळलं ते मी.

गेलं वर्षभर आम्ही काही जणांनी फोन करून, वाड्यावस्त्यांवर जाऊन त्या दुसऱ्या तुकडीतली माणसं शोधली. काही आता नाहीत. काहींनी "आमचं काय काम तिथं" म्हणून नकार दिला. तोही समजून घ्यावा असाच आहे. जे आले आहेत ते तुमच्या शेजारी बसले आहेत. चहाच्या वेळी ओळख विचारताना 'दहावीला किती टक्के होते' हा आपला लाडका प्रश्न कृपा करून विचारू नका.

गाडीच्या कागदांचं थोडक्यात सांगतो. 2021 साली केंद्र सरकारनं पन्नास वर्षांवरच्या जुन्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम केले. त्यात गाडीला 'व्हीए' मालिकेचा मान मिळतो, पण ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच. अनेकांनी मला तेच सुचवलं. मी काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे परत उभीच की." म्हणून सोलापूरच्या आरटीओत खेटे घालून साध्या नोंदणीचंच नूतनीकरण करून घेतलं. रंगही पूर्ण नवा दिलेला नाही. मागच्या सीटची जुनी शिवण तशीच आहे.

गेल्या कार्तिकीनंतर काकूंना घेऊन दामाजीपंतांच्या देवळापर्यंत गेलो. गाडी मिस्त्री चालवत होता, काकू पुढे, मी मागे. काकू सबंध रस्ता काही बोलल्या नाहीत. उतरताना त्याला एवढंच म्हणाल्या, "गिअर बदलताना अजून तसाच खडखडाट होतो रे." त्यानं सांगितलं, "व्हय. पहिल्या गिअरला तसाच हुतोय. गाडी थांबल्याशिवाय टाकू नये." डॉक्टरांनाही तो हेच सांगायचा म्हणे.

शेवटी मुख्याध्यापकांना एक विनंती. आपल्यानंतरच्या तुकड्यांचे मेळावे होतील, त्यांना यादी लागेल. ती दहावीच्या निकालावरून देऊ नका. पाचवीचा हजेरीपट द्या. तो जुना झाला आहे, काही पानं सुटली आहेत. त्याच्या बांधणीचा खर्च मी करतो.

जेवणानंतर गाडी फिरायला निघेल. आधी गुरुजन, मग बाकीचे. दोन दारं आहेत, मागं बसायला जरा वाकावं लागतं. आणि ती बंद पडलीच तर काय करायचं, ते या सभागृहातल्या प्रत्येकाला पाठ आहे.