ओपनची जागा कुणाच्या बापाची?

(मेडिकलच्या प्रवेशाच्या तोंडावर वसतिगृहातल्या मुलामुलींपुढे केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलंय, थोडी काटछाट करून.)



मी वकील नाही, हे आधीच सांगून टाकतो. फोर्टातल्या वकिलांच्या ऑफिसात २२ वर्षं टायपिंग केलं. पिटिशन, अ‍ॅफिडेव्हिट, रिजॉइंडर, सगळं या बोटांखालून गेलं. एक अक्षर चुकलं तर साहेब अख्खं पान पुन्हा मारायला लावायचा, म्हणून नीट वाचायची सवय लागली. मला जो काही कायदा कळतो तो असा, बोटांतून वर चढलेला. तेव्हा कुणी मोठा वक्ता आलाय अशा समजुतीत बसू नका. मध्येच काही अडलं तर हात वर करा.

आज फक्त एका शब्दाबद्दल बोलणार आहे. ओपन.

मघाशी जिन्यात तुमचंच बोलणं ऐकत होतो. 'ओपनवाल्यांच्या इतक्या सीटा, आपल्या इतक्या.' एकजण म्हणाला, 'आपली सीट आपल्याला, त्यांची त्यांना.' ही भाषा तुमच्या तोंडात कुणी घातली? 'त्यांची सीट' म्हणजे कुणाची? ओपन नावाची जात कुठल्या गावात राहते, तिचं आडनाव काय, तिचा पाणवठा कुठला? महाराष्ट्रात १३ टक्के अनुसूचित जातींना, ७ टक्के जमातींना, बाकीच्यांचे बाकी आकडे. ते सगळे वजा केल्यावर जे उरतं ते ओपन. ते कुणाच्याही नावावर केलेलं नाही. तरी गेली सत्तर-पंचाहत्तर वर्षं त्या उरलेल्या जागांवर न लिहिलेला सातबारा चालवला जातोय. आणि कोर्टातली अर्धी भांडणं या सातबाऱ्याचीच आहेत.

सुरुवात मद्रासला झाली. तिथल्या सरकारचा जुना कम्युनल जी.ओ. होता. दर १४ जागांत ब्राह्मणेतर हिंदूंना ६, मागासलेल्या हिंदूंना २, ब्राह्मणांना २, हरिजनांना २ (शब्द त्या हुकुमातलाच, माझा नव्हे), अँग्लो-इंडियन आणि ख्रिश्चनांना १, मुसलमानांना १. लोकसंख्येत शेकडा तीनच्या आसपास असलेल्या ब्राह्मणांना चौदात दोन. तरी अन्याय झाला! राज्यघटना लागू झाली त्याच साली, १९५० मध्ये, चंपकम दोराईराजन नावाच्या बाई मद्रास हायकोर्टात गेल्या. मेडिकलला प्रवेश मिळणार नाही, समानतेचा हक्क मोडला, म्हणून. गंमत ऐका. बाईंनी मेडिकलला अर्जच केला नव्हता. चौकशी केली, कळलं की ब्राह्मण म्हणून मिळणार नाही, आणि थेट कोर्ट. बाजू मांडायला अल्लादी कृष्णस्वामी अय्यर, घटनेच्या मसुदा समितीतले. आपल्यापैकी कुणी बिनाअर्जाचं पिटिशन घेऊन गेला असता तर वकिलाच्या शिपायानेच जिन्यावरून खाली पाठवला असता.

बाई जिंकल्या. हायकोर्टात आणि ९ एप्रिल १९५१ ला सुप्रीम कोर्टातही, सात न्यायमूर्तींपुढे. आता त्या निकालातला एक बारीक आकडा. चार मेडिकल कॉलेजं, मिळून ३३० जागा. त्यातल्या १७ राज्याबाहेरच्यांना आणि १२ जागा सरकारच्या मर्जीवर. मर्जी! त्या १२ जागा कुठल्या गुणांवर भरायच्या यावरून हा खटला झाला नाही. गुणवत्तेला ठेच लागली ती फक्त जातीच्या रकान्यात.

त्या निकालामुळे घटनेची पहिली दुरुस्ती झाली, १९५१ च्या जूनमध्ये. पंधराव्या कलमात चौथं पोटकलम आलं आणि मागासवर्गांसाठी खास तरतूद करायला राज्याला मोकळीक मिळाली. बाबासाहेब तेव्हा कायदामंत्री होते. त्या निकालावर त्यांनी संसदेत सरळ टीका केली, आडपडदा न ठेवता. म्हणजे आज तुम्ही ज्या दारातून मेडिकलला जाणार ते दार मेडिकलच्याच खटल्यातून निघालेलं आहे.

पण दार एक आणि भिंत दुसरी. कोटा दिला आणि त्याच कोट्याची भिंत केली. तुम्ही १३ टक्क्यांच्या आत राहा, बाहेर पाऊल टाकू नका. ही भिंत कशी बांधतात ते जरा सावकाश समजून घ्या, कारण इथेच आपली पोरं मारली जातात आणि त्यांना कळतही नाही.

समजा, आपली एक पोरगी आहे. ओपनच्या गुणवत्ता यादीत तिचा नंबर लागतो, पण शेपटाकडे. ओपनमधून तिच्या वाट्याला येतं एक लांबचं नवं कॉलेज, जिथल्या हॉस्पिटलात अजून खाटा टाकतायत. तिच कॅटेगरीच्या यादीत मात्र पहिली-दुसरी आहे, तिथून तिला ग्रँट मिळतं, जीएस मिळतं, पुण्याचं बीजे मिळतं. आता खातं दोन प्रकारे तिचा काटा काढू शकतं. एक, तू ओपनमध्ये लागलीस ना, मग ओपनचंच घे, जा लांब. म्हणजे तिच्यापेक्षा कमी मार्कांचा कॅटेगरीतला पोरगा ग्रँटला आणि ही आडरानात. जास्त मार्क मिळवल्याची शिक्षा. दोन, बरं बाई, घे ग्रँट, पण मग तू कॅटेगरीत मोजली जाशील. म्हणजे कॅटेगरीच्या यादीत अगदी खाली जो शेवटचा पोरगा होता, कुठल्या तरी पाड्यावरचा, झोपडपट्टीतला, त्याचं नाव गळलं. आणि तिने सोडलेली ओपनची जागा? ती गेली वर बसलेल्यांच्या ताटात. एका पोरीला पसंती दिली आणि एका पोराचा डॉक्टर होण्याचा रस्ता बंद केला. वर्तमानपत्रात बातमी नाही, मोर्चा नाही. कागदावर एका नावापुढे 'ओपन'च्या ऐवजी 'एससी' टाइप झालं, बस्स.

हे भांडण आपल्याच महाराष्ट्रातल्या मेडिकलच्या प्रवेशावरून सुप्रीम कोर्टात गेलं. रितेश साह विरुद्ध डॉ. यमुल, निकाल १९९६ चा. वहीत लिहून ठेवा. कोर्टाने सांगितलं की स्वतःच्या गुणांवर जो लागतो तो कॅटेगरीचा असला तरी राखीव जागेवर मोजायचा नाही. पण त्याच वेळी त्याचं नुकसानही होता कामा नये. त्याच्यापेक्षा खालच्या नंबरच्या राखीव उमेदवाराला जी पसंती मिळते ती त्यालाही मिळाली पाहिजे. म्हणजे पोरगी ग्रँटला जाईल आणि मोजली जाईल ओपनमध्येच. मग तिने सोडलेल्या जागेचं काय? त्याचा उलगडा व्हायला २०१८ उजाडलं. बिहारचा खटला, त्रिपुरारी शरण. १०० जागा, ५० ओपन, असा हिशेब धरून कोर्टाने सांगितलं की तिने सोडलेली ती पन्नासावी जागा, तिच्यामुळे ज्याची राखीव जागा गेली त्या पोराला द्यायची. पाड्यावरचा पोरगा परत यादीत आला. १९९६ ते २०१८. मधल्या २२ वर्षांत अशी किती नावं गळली असतील, मोजायला कोण बसलं होतं?

काहीजण म्हणतील, हे बारीकसारीक आहे, एखाद-दुसऱ्या जागेचं. बरं, मग ढोबळ बघू. १९८४ साली प्रदीप जैन खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की राज्यांनी सगळ्या मेडिकल जागा आपल्याच रहिवाशांना देऊ नयेत. तत्त्व म्हणून वाईट नाही. १९८६ मध्ये, दिनेश कुमार खटल्यात, त्यातून ऑल इंडिया कोटा पक्का झाला. सरकारी कॉलेजातल्या एमबीबीएसच्या १५ टक्के जागा आणि पदव्युत्तरच्या २५ टक्के, पुढे त्या ५० झाल्या. या जागांत अनुसूचित जातींचं आरक्षण किती? शून्य. जमातींचं? शून्य. देशभरातल्या सरकारी कॉलेजांत, आपल्या बापांच्या करावर चाललेल्या कॉलेजांत, दर शंभरातल्या पंधरा खुर्च्यांवर वीस वर्षं घटनेचं ते पोटकलम पोचलंच नाही. अभय नाथ खटल्यात ३१ जानेवारी २००७ ला कोर्टाने १५ आणि साडेसात टक्के मान्य केले तेव्हा कुठे. ओबीसींना राज्यांनी दिलेल्या या जागांत २७ टक्के मिळायला २०२१ चा जुलै यावा लागला. त्यालाही लगेच आव्हान. जानेवारी २०२२ मध्ये न्या. चंद्रचूड आणि न्या. बोपण्णा यांनी ते फेटाळलं आणि लिहिलं की परीक्षेतले मार्क म्हणजे सगळी गुणवत्ता नव्हे. चांगलं लिहिलंय. वाचा. आपण हेच ओरडून सांगत होतो तेव्हा लोक कानात बोळे घालून बसले होते.

गुणवत्तेचं नाव निघालंच आहे तर दोन गोष्टी सांगतो आणि पुढे जातो. दिल्लीच्या एम्समध्ये पदव्युत्तरच्या ३३ टक्के जागा स्वतःच्याच विद्यार्थ्यांना राखून ठेवल्या होत्या. घरचा कोटा. सुप्रीम कोर्टाने तो २००१ मध्ये रद्द केला. तोवर काय चालायचं? अनुसूचित जातीच्या उमेदवाराला जास्त मार्क असून तो बाहेर, आणि कमी मार्कांचा घरचा पोरगा आत. तेव्हा पेशंट मरतील अशी काळजी कुणाला वाटली नाही. आणि दुसरी, २००५ चा इनामदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य. सात न्यायमूर्ती म्हणाले, विनाअनुदानित खासगी कॉलेजांवर सरकार आरक्षण लादू शकत नाही. त्याच निकालात एन.आर.आय. साठी १५ टक्क्यांपर्यंत जागा ठेवायला मुभा. परदेशातल्या मामाच्या डॉलरला कोटा चालतो, गटारात उतरणाऱ्याच्या पोराला चालत नाही! संसदेला पुन्हा घटनादुरुस्ती करावी लागली, ९३ वी, २००६ च्या जानेवारीत लागू झालेली.

आणि हे सगळं फक्त कोर्टातल्या गार हवेत घडत नव्हतं, हेही ध्यानात घ्या. १९८१ साली अहमदाबादच्या बी. जे. मेडिकल कॉलेजातून राखीव जागांविरुद्ध आंदोलन उठलं. भांडण पदव्युत्तरच्या मूठभर जागांचं. शिकलेल्या, पांढरे कोट घातलेल्या पोरांनी पेटवलेली काडी दलित वस्त्यांपर्यंत गेली. घरं जळली, माणसं मेली. ज्यांची घरं जळली त्यातल्या बहुतेकांना पॅथॉलॉजी हा शब्द माहीत नव्हता. त्यांना एवढंच कळलं की आपल्या एखाद्या पोराने वर बघितलंय.

आता अगदी अलीकडचं, कारण तुम्हाला वाटेल की ही जुनी मढी उकरतोय. मध्य प्रदेशने सरकारी शाळांत शिकलेल्या मुलांसाठी मेडिकलच्या ५ टक्के जागा ठेवल्या. त्यात ओपनच्या वाट्याला ८९ जागा. त्यातल्या ७७ भरल्याच नाहीत. का? सरकारी शाळेतून आलेली एससी, एसटी, ओबीसी मुलं होती, मार्कही होते, पण त्यांना सांगितलं, तुम्ही तुमच्या रकान्यात राहा. रिकाम्या ७७ जागा उचलल्या आणि सर्वसाधारण ओपनमध्ये टाकल्या. सरकारी शाळेचं बाक ज्याने बघितलं नाही त्यांच्या पदरात. हायकोर्टाने मुलांना परत पाठवलं. २० ऑगस्ट २०२४ ला सुप्रीम कोर्टात न्या. गवई आणि न्या. विश्वनाथन यांनी खात्याचं हे गणित बेकायदा ठरवलं आणि कोर्टात गेलेल्या मुलांना पुढच्या वर्षी प्रवेश द्यायला लावला. रामनरेश ऊर्फ रिंकू कुशवाह खटला. मुलं जिंकली, पण एक वर्ष गेलं. आणि जी गेलीच नाहीत कोर्टात, ती कुठे असतील आज? कुठल्या तरी बीएस्सीला, कुठल्या तरी मेडिकलच्या दुकानात गोळ्या मोजत.

म्हणून कामाचं बोलतो. तुम्हाला कुणीतरी भेटेल, बहुधा गोड बोलणारा, म्हणेल, एवढे मार्क आहेत, ओपनमध्ये लागतोयस, कॅटेगरी कशाला लावतोस, उगाच शिक्का. ऐकू नका. शिक्का तो मारणारच आहे, तुम्ही कॅटेगरी लावा किंवा लावू नका. फॉर्मवर कॅटेगरी लावली तरच तुम्हाला वर सांगितलेली पसंती मिळते. जातपडताळणीचा कागद आजपासून बघा. २००१ पासून कायदा आहे, व्हॅलिडिटी नसली की मार्क धुऊन प्यायचे. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला गावात असेल तर या रविवारी एसटी पकडा, पावसाळ्याची वाट बघू नका.

पसंतीक्रम मनापासून भरा, लांबचं कॉलेज लाजेखातर वर टाकू नका. आणि प्रत्येक फेरीची यादी लागली की ती छापून घ्या. संगणकावरची यादी दुसऱ्या दिवशी तीच असेल याचा भरवसा मी तरी धरत नाही. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकता येतो, पण त्याला ३० दिवस, तोवर फेऱ्या संपतात. छापलेली यादी हातात पाहिजे. तिच्यात ओपनचा शेवटचा नंबर शोधा. त्याच्या वर आपली जी नावं आहेत ती कुठे मोजलीत ते बघा. ओपनमध्ये, की आपल्या रकान्यात? एक नाव जरी चुकीच्या रकान्यात सापडलं तर त्याच दिवशी लेखी तक्रार, पोच घेऊन. २०१९ मध्ये कृष्णा श्रद्धा खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की एमबीबीएसला हक्काचा उमेदवार त्याची चूक नसताना डावलला गेला असेल आणि तो लगेच कोर्टात आला असेल, तर मुदत संपली तरी प्रवेश देता येतो. 'लगेच' या शब्दाखाली दोन रेघा मारा. दोन महिने घरात बसून रडून मग फोर्टात येणाऱ्यांची पिटिशनं मी टाइप केलीत, त्यांचं काय झालं तेही टाइप केलंय.

पहिली यादी लागेल त्या संध्याकाळी सात वाजता याच खोलीत बसू. प्रत्येकाने पट्टी आणि पेन्सिल आणा, मी यादी छापून आणतो. ज्यांचा नंबर लागला तेही या, ज्यांचा नाही तेही.

आता प्रश्न विचारा. मागच्या बाकावरच्या त्या ताईने मघापासून हात वर केलाय, आधी ती.

जय भीम.