एका मुद्रितशोधकाची कैफियत



मुद्रितशोधक आणि ग्रंथसंपादक यांच्या या संमेलनाचे अध्यक्षपद आपण मला दिलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. माझ्याहून योग्य माणसे समोर बसली आहेत हे रूढीप्रमाणे सांगतो, आणि ती कोण हे ठाऊक असल्यामुळे मनापासूनही सांगतो. गतवर्षाचा आढावा छापील अहवालात आहे, तो सवडीने पाहावा. मला बोलायचे आहे ते मोबाइलवर लिहिल्या जाणाऱ्या दीर्घ लेखनाविषयी, आणि त्या निमित्ताने एका जुन्या तक्रारीविषयी.

मोबाइलवर कादंबरी लिहिता येते काय, यावर सकाळच्या परिसंवादात मोठी खडाजंगी झाली. या प्रश्नाचा फैसला जगाने केव्हाच केला आहे. जपानात २००७ साली सर्वाधिक खपाच्या दहा कादंबऱ्यांपैकी पाच मूळच्या मोबाइलवरच्या होत्या, आणि उभ्या ओळींत कादंबरी छापणाऱ्या त्या देशात अशा कादंबऱ्या फोनवरच्यासारख्या आडव्या ओळींत छापल्या गेल्या. पीटर ब्रेट या अमेरिकन लेखकाने आपल्या पहिल्या प्रकाशित कादंबरीचा मोठा भाग न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत, कामावर जातायेता, फोनवर लिहिला.

दूर कशाला जा? बदलापूरहून नोकरीसाठी मुंबईस येणाऱ्या एका बाईंची कादंबरी मध्यंतरी माझ्या मेजावर आली. लोकलमध्ये एका हाताने कडी धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने, आणि घरी कणकेत हात असताना फोनला तोंडी मजकूर सांगून त्यांनी ती पुरी केली होती. अंगठ्याने लिहिलेले वाक्य तोकडे असते असे सकाळी छातीठोकपणे सांगणाऱ्या माझ्या मित्रांनी तिच्यातली अर्ध्या अर्ध्या पानाची, तोल न सुटणारी वाक्ये अवश्य पाहावीत. मात्र सहाव्या प्रकरणात ज्या कोकणातल्या घराच्या ओसरीवर सकाळचे ऊन आजोबांच्या पायांशी येऊन थांबत असे, त्याच ओसरीत बसून सव्विसाव्या प्रकरणात नायिका समोर खाडीत बुडणारा सूर्य पाहत होती. विसर्गाच्या जागी सर्वत्र अपूर्णविराम पडले होते; ‘ॲ’ हे अक्षर दोन निराळ्या रीतींनी उमटले होते, डोळ्यांना एकच पण यंत्राला दोन, त्यामुळे ‘ॲडव्होकेट’ एका आज्ञेसरशी बदलू जावे तो निम्मे जागच्या जागी! याला मी लेखिकेची बेफिकिरी मानीत नाही. कीबोर्ड उघडल्यावर ज्या पडद्यावर जेमतेम आठदहा ओळी उरतात, त्याच्याशी झुंजणाऱ्या माणसाला सहावे प्रकरण पुन्हा दिसणार केव्हा?

चुका बोरूने होत, टाकाने होत, टंकयंत्राने तर सपाटून होत. परंतु त्या काळी लेखकाचा कागद पुस्तक होण्यापूर्वी परक्या माणसांच्या हातांखालून जात असे. जुळारी एकेक खिळा उचलून तो मजकूर नव्याने उभा करी. मग एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचावी आणि दुसऱ्याने प्रुफावर नजर ठेवावी, अशी अक्षरशः रुजवात चाले. पुण्यातल्या ज्या छापखान्यात मी उमेदवारी केली, तेथील एक जुळारी, ज्याचे शिक्षण चौथीपलीकडे गेलेले नव्हते, अर्धवट जुळलेल्या ओळींची स्टिक तशीच हातात धरून एकदा माझ्यापुढे उभा राहिला आणि म्हणाला, “मास्तर, ही बाई मागच्या फर्म्यात विधवा झाली ना? मग आता हळदीकुंकवाला कशी निघाली?” लेखक प्रथितयश होते. त्यांनी मुकाट्याने पान बदलले.

आता लेखकच आपला जुळारी झाला आहे. त्याचा मजकूर फोनवरून तयार अक्षरांत येतो, टंकाच्या साच्यात पालटला जातो, पाने लागतात, आणि या साऱ्या प्रवासात तो कोणीही वाचण्याची निकड कोणाला भासत नाही. माझी तक्रार मोबाइलविरुद्ध नाहीच. ती या सोयीचा लाभ उठवून वाचणाऱ्याला बरखास्त करणाऱ्यांविरुद्ध आहे. एका प्रकाशनसंस्थेत, जिचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही, मला तोंडावर सांगण्यात आले की “मजकूर लेखकाकडूनच टाइप होऊन आला आहे, तुम्ही फक्त ऱ्हस्वदीर्घ पाहा.” मेहनतानाही त्याच हिशेबाने ठरला. म्हणजे ओसरी पूर्वेला की पश्चिमेला, हे पाहण्याचा मला अधिकार नाही आणि ते पाहिल्याचे दामही नाहीत. जुळणीची जी रक्कम वाचली ती गेली कोठे, याचा जमाखर्च मला आजतागायत कोणी दाखवलेला नाही. लेखिकेच्या मानधनात ती नाही, पुस्तकाच्या किमतीत नाही, आणि माझ्या बिलात तर नाहीच नाही.

करावयाचे पुष्कळ आहे. मोबाइलवर लिहिणाऱ्यांसाठी एखादी लहानशी नियमावली सिद्ध करावी. पाने लावण्यापूर्वी संपूर्ण ग्रंथाची कागदी प्रत काढून ती लेखकाखेरीज दुसऱ्या माणसाने वाचावी असा दंडक घालावा. विसर्ग, अर्धा र इत्यादींची काही तजवीज यंत्रवाल्यांशी बोलून करावी. तपशील कार्यकारिणीने ठरवावा, माझा त्यात फारसा उत्साह नाही. मेहनतान्याचा ठराव मात्र भोजनोत्तर सत्रात मी स्वतः मांडणार आहे. प्रकाशक मंडळी पहिल्या रांगेत बसलेली आहेत; त्यांच्यापैकी ज्यांना विरोध करावयाचा असेल त्यांनी खुशाल करावा, फक्त येताना खर्चाची वही बरोबर आणावी.