स्वस्त कागद आणि अम्मीचं पोस्टकार्ड

नांदेडहून आलेला रस्ता आमच्या वारंगा फाट्यावर दोन वाटांनी फुटतो. एक हिंगोलीकडे जाते, दुसरी उमरखेडवरून यवतमाळ-नागपूरकडे. गाडी थांबली की माणसं खिचडी खायला उतरतात. फार पूर्वी मी इथंच वर्तमानपत्राच्या तुकड्यावर खिचडी खाल्ली आणि घास संपत आले तशी खालून माझीच छापील कविता वर आली. तेलानं दोन कडवी पारदर्शक झाली होती. कवीला जमिनीवर ठेवायला एवढं पुरेसं असतं.

तर आज कागदाबद्दलच बोलायचंय. तेही सवलतीत मिळणाऱ्या कागदाबद्दल.

गेल्या महिन्यात माझी मुलगी नांदेडहून एक गठ्ठा घेऊन आली. रंगीत जाड कागद, फुलाफुलांचे चौकोन, सोनेरी कडा. ‘‘अब्बा, आधे भाव में मिल्या,’’ म्हणाली. डिसेंबरात तिचं लग्न आहे. सासरी जाताना तिला दादीची एक चिकटवही करून न्यायची होती. दादी म्हणजे माझी अम्मी. वहीत जायचे होते तीन-चार फोटो आणि एक पोस्टकार्ड.

अम्मी १९९० साली साक्षरतेच्या वर्गात जाऊ लागली. घरात दखनी, वर्गात मराठी. मी तेव्हा नांदेडला बी. ए. करत होतो. तिनं मला आयुष्यात एकच पत्र लिहिलं, पंधरा पैशांच्या कार्डावर, मराठीत. पाच ओळी, काना-मात्रा हव्या तिथं. तिच्या हातचं दुसरं अक्षर आमच्या घरात नाही.

म्हणून मी म्हटलं, ‘‘थांब बेटा, आधी कागद बघू.’’

माझा हात एकदा पोळलेला आहे. ऐन तारुण्यात छापून आलेल्या कवितांची कात्रणं मी एका स्वस्त वहीत सेलोटेपनं चिकटवली होती. दहा-बारा वर्षांनी वही उघडली तर टेप सुटून पडलेला, त्याच्या जागी तपकिरी पट्टा आणि कागद पापडासारखा मोडणारा. काही कविता आता माझ्याकडेच नाहीत. त्याबद्दल मराठी वाचकांनी हळहळावं असं काही नाही. पण अम्मीच्या पाच ओळींचं तसं नाही.

गठ्ठ्यावर लिहिलं होतं १६० जीएसएम. म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन १६० ग्रॅम. ए-फोर आकाराचे १६ कागद मिळून बरोबर एक चौरस मीटर होतो. तेव्हा १६ कागद मोजायचे आणि किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवायचे. जितके ग्रॅम भरतील तितके जीएसएम. आमच्या दुकानदारानं साखरेची पुडी बाजूला सारून कागद ठेवले. काटा ११० वर थांबला. दुकानदार म्हणाला, ‘‘गुरुजी, तुम्हाला मापात मारलं.’’ मी गुरुजी नाही, पण लिहिणाऱ्या माणसाला इथं गुरुजीच म्हणतात.

वजन कमी हा तसा लहान गुन्हा. पातळ कागदही टिकतो. खरी गोष्ट आहे ती आतल्या मालाची. स्वस्त कागदात लाकडाचा लगदा न शुद्ध करता जातो आणि शाई पसरू नये म्हणून राळ आणि तुरटीच्या जातीचं क्षार घातलेलं असतं. त्यातून आम्ल तयार होतं आणि ते कागदाचे धागे आतून तोडत राहतं. वर्तमानपत्र उन्हात पिवळं पडतं ते लाकडातल्या याच अशुद्ध भागामुळे. वाईट एवढंच की आम्ल आपल्या पानात गप्प बसत नाही, शेजारच्या कागदातही शिरतं.

आपल्या मराठवाड्याला हे नव्यानं सांगावं लागू नये. दौलताबादहून खुलताबादला जाताना कागजीपुरा लागतो. चिंध्या कुटून, लगदा करून, साच्यावर एकेक ताव उचलणाऱ्या कागजी मंडळींचं ते गाव. सुती चिंध्यांचा तो कागद पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, कारण कापसात लाकडाचा तो अशुद्ध भाग जवळपास नसतोच. शहाणपण आपल्या दारात होतं आणि आपण चकचकीत पाकिटावर भुललो.

मग आम्ही बापलेकीनं तपासणी केली. प्रत्येक जातीचा एक कागद खिडकीत उन्हाला ठेवला, वर रुपयाचं नाणं. आठ दिवसांनी नाणं उचललं. दोन कागदांवर नाण्याखालचा गोल स्वच्छ, बाजूला पिवळट झाक. ते बाद. ओला कापूस फिरवला तर लाल आणि जांभळ्यानं रंग सोडला. पावसाळ्यात फोटोला तो लागलाच असता, तेही बाद. एक कोपरा दुमडून उलटसुलट केला, तिसऱ्यांदा तुकडा हातात आला. फाडून पाहिलं तर काही कागद वरून हिरवे आणि पोटात पांढरे; हे फक्त दिसायला वाईट, कापलेली कड पांढरी दिसते एवढंच. कोपरा चेपलेला, नक्षी गेल्या वर्षीची, असल्या कारणानं स्वस्त झालेला माल बिनधास्त घ्यावा. कुबट वास येणारा आणि कडेला लाटा आलेला मात्र फुकटही घेऊ नये. त्यात ओल शिरलेली असते.

गठ्ठ्यातले निम्मे कागद असे गेले. सवलत तिथंच फिटली.

उरलेली भर आम्ही लग्नपत्रिका छापणाऱ्याकडून काढली. लग्नसराई सरली की त्याच्याकडे पत्रिकांच्या जाड कागदाच्या कापलेल्या पट्ट्या पडून असतात. वजनावर देतो. त्याही नाण्याखाली ठेवल्या. पांढऱ्या साध्या पट्ट्या पास झाल्या. खळ घरी केली, मैद्याची, बाइंडरवाले घालतात तसा चिमूटभर मोरचूद घालून, म्हणजे कसर लागत नाही. मोरचूद विषारी, ते भांडं पुन्हा चुलीवर चढवायचं नाही.

पोस्टकार्डाला मात्र मी खळ लावू दिली नाही. ते कार्ड तरी कुठं भारी कागदाचं होतं! मुलीनं पांढऱ्या पट्टीचे चार त्रिकोणी खिसे केले, खिसे पानाला चिकटवले आणि कार्डाचे कोपरे त्यात अडकवले. हवं तेव्हा कार्ड काढता येतं, मागची बाजू वाचता येते. मागं माझा नांदेडचा पत्ता आहे, आणि नांदेडमधल्या ‘ड’ला अम्मीनं एक जास्तीचा काना दिलाय.

खिडकीत अजून दोन कागद आणि एक नाणं आहे. मुलगी म्हणते, निकाहाच्या दिवसापर्यंत राहू द्या.