आठवीचा उंबरठा
(मैंदर्गी येथे पालक, शिक्षक व कार्यकर्ते यांच्यापुढे झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



अक्कलकोटला रोज हजारो भाविक येतात. स्वामी समर्थांच्या वटवृक्षापाशी माथा टेकवतात, अन्नछत्रात प्रसाद घेतात आणि आल्या वाटेने सोलापूर, पुणे, मुंबईकडे परततात. त्याच अक्कलकोटहून मैंदर्गीकडे निघणाऱ्या रस्त्याने पुढे येणारे फार थोडे. सीमेजवळच्या या गावात घरात कन्नड, कचेरीत मराठी आणि बाजारात दोन्ही भाषा सुखाने नांदतात. येथील शेती बव्हंशी पावसाच्या भरवशावर असते. ज्या वर्षी पाऊस पाठ फिरवतो, त्या वर्षी घरातील कर्त्या माणसाबरोबर आणखी एक कमावता हात असावा असे वाटू लागते. आणि तो हात बहुधा तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचा असतो.

तो मुलगा आठवीत असतो, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. २००९ साली संसदेने बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा केला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अंमलात आला. त्याचे छत्र सहा ते चौदा या वयाला, म्हणजे आठवीपर्यंत आहे. दुसऱ्या टोकाला पाहावे, तर महाराष्ट्र शासनाने २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिकणाऱ्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, इतर मागास तसेच सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्गातील मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्णतः माफ केले. कुटुंबाचे उत्पन्न ८ लाखांपर्यंत असले तरी चालते. सोलापूर जिल्ह्यापुरते स्वतंत्र विद्यापीठ २००४ साली झाले, २०१९ मध्ये त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचे नाव मिळाले. अक्कलकोटला महाविद्यालय आहे. म्हणजे पायथ्याची सोय झाली, शिखराचीही झाली. प्रश्न मधल्या चढणीचा आहे. जो मुलगा नववीतच शेतमजुरीला किंवा सोलापूरच्या यंत्रमागावर गेला, त्याच्या बहिणीला अभियांत्रिकीचे शुल्क माफ आहे हे सांगून काय उपयोग? ती तरी बारावीपर्यंत पोहोचणार आहे का?

या चढणीवर अजिबात मदत नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. राज्यात मुलींना बारावीपर्यंत शुल्क नाही. ग्रामीण भागातील विद्यार्थिनींना एस.टी.चा पास अहिल्याबाई होळकर योजनेतून विनामूल्य मिळतो. सोलापुरात हजारो घरे विडी वळून चालतात, त्या विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्रीय श्रम मंत्रालयाची वेगळी शिष्यवृत्ती आहे. पण नेमके आठवीत मुलाला हेरून बारावीपर्यंत त्याचा हात धरणारी योजना एकच म्हणावी लागेल. शाळांमध्ये तिला ‘एन.एम.एम.एस.’ या आद्याक्षरांनी ओळखतात. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील गुणवंत विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारने ती २००८ साली सुरू केली. देशभरात दरवर्षी एक लाख नव्या शिष्यवृत्त्या, त्यांपैकी ११,६८२ महाराष्ट्राच्या वाट्याला. सुरुवातीला दरमहा ५०० रुपये होते. २०१७ पासून ते १,००० झाले. नववी ते बारावी अशी चार वर्षे मिळून ४८,००० रुपये थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा होतात.

येथे काही कार्यकर्त्यांच्या मनात येणारी शंका आधीच बोलून टाकलेली बरी. समाजाने स्वतःच्या पायांवर उभे राहावे असे आपण सांगतो, मग शासनाच्या पैशाकडे डोळे लावायला पालकांना का शिकवायचे? शंका प्रामाणिक आहे, पण ती शिष्यवृत्ती आणि खैरात यांत गल्लत करते. पंडित दीनदयाळ उपाध्याय लहानपणीच पोरके झाले, मामांकडे वाढले. सीकरच्या शाळेतून मॅट्रिकला पहिले आले, तेव्हा सीकरच्या महाराजांनी त्यांना सुवर्णपदक, पुस्तकांसाठी २५० रुपये आणि दरमहा १० रुपयांची शिष्यवृत्ती दिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या दरमहा २५ रुपयांवर. या दोघांपैकी कोणाचा कणा त्या पैशाने वाकला? राजांची जागा आता लोकनियुक्त शासनाने घेतली आहे. तिजोरी लोकांची आहे, आणि काडेपेटी विकत घेणारा मैंदर्गीचा मजूरही तीत कर भरतो. परीक्षा देऊन मिळवलेला पैसा घ्यायला संकोच कशाचा?

मात्र परीक्षा द्यावी लागते, आणि गाडे अडते ते तेथेच. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवे. सातवीला ५५ टक्के गुण हवेत, अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना ५० टक्के पुरतात. मूल शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत शिकत असले पाहिजे. बौद्धिक क्षमतेचे ९० प्रश्न आणि शालेय विषयांचे ९०. त्यांत विज्ञान ३५, समाजशास्त्र ३५ व गणित २०. बौद्धिक क्षमतेच्या प्रश्नांनी खेड्यातील मूल बिचकते, कारण आकृत्यांची मांडणी, संख्यांची साखळी, सांकेतिक शब्द हे त्याच्या कोणत्याच पाठ्यपुस्तकात नसते. पण हा प्रकार सरावाचा आहे. बैलगाडीच्या चाकाला किती आरे लागतील, हे मनात मोजणाऱ्या सुताराच्या मुलाला तो अवघड जावा असे काही नाही. त्याला तो प्रश्न एकदा दाखवायला मात्र हवा.

आता मैंदर्गीच्या दृष्टीने दोन गोष्टी अशा आहेत, की त्या घरोघरी जाऊन सांगाव्यात. पहिली म्हणजे, निवड जिल्हावार आणि प्रवर्गवार होते. येथील मुलीची स्पर्धा पुण्याच्या नामांकित शाळेतील मुलांशी नाही, ती सोलापूर जिल्ह्यातील तिच्याच प्रवर्गातील मुलांशी आहे. ‘आमच्या पोरांचा कुठला नंबर लागायचा’ हे वाक्य या परीक्षेपुरते तरी गैरसमजातून येते. दुसरी गोष्ट भाषेची. पुण्याची राज्य परीक्षा परिषद ही परीक्षा मराठीप्रमाणेच कन्नडमधूनही घेते. बालभारतीची पुस्तके कन्नडमध्ये छापली जातात, जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळा या तालुक्यात आहेत, आणि त्या शाळेतील मुलाला प्रश्नपत्रिकाही त्याच्या भाषेतून मिळते. सीमाभागात भाषेवरून जे रण माजते त्याचा विचार येथे करायचा नाही. परंतु महाराष्ट्राने कन्नडभाषक लेकराला त्याच्या मातृभाषेत प्रश्न विचारावा, ही या मातीला शोभणारी रीत आहे. अकरावीला मात्र या मुलांपुढे बहुधा मराठी किंवा इंग्रजीच असते. तेव्हा आठवी-नववीतच त्यांची मराठी पक्की करून घेणे हे शिक्षकांचे आणि त्याहून अधिक शेजाऱ्यांचे काम आहे.

रकमेविषयी स्पष्ट बोलायला हवे. २०१७ चे हजार रुपये आजही हजारच आहेत. महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये ठरली होती. त्या हिशेबाने महिन्याची शिष्यवृत्ती म्हणजे जेमतेम सव्वातीन दिवसांची मजुरी. मुलाने कमावून आणायच्या पैशाची भरपाई तीतून होत नाही, आणि ती होते असे पालकांना सांगणाऱ्याची पत पहिल्याच महिन्यात जाईल. केंद्र सरकारने ही रक्कम वाढवली पाहिजे. सरकार कोणाचे आहे हे न पाहता ती मागणी आपण केली पाहिजे. तरीही या हजारात वह्या, मार्गदर्शके, मुलाचा सवलतीचा पास, परीक्षेचे शुल्क भागते. आणि आणखी एक गोष्ट घडते, तिचा हिशेब मांडता येत नाही. ज्या घरात नववीतल्या मुलीच्या नावाने बँकेत पैसा येतो, त्या घरात तिच्या लग्नाचा विषय काढताना मामा-काका जरा थांबतात. बारावी होईपर्यंत पैसा येणार, हे त्यांनाही ठाऊक असते.

अमेरिकेने १९९८ मध्ये अशाच हेतूने ‘गिअर अप’ नावाची योजना कायद्याने आणली. गरीब वस्तीतील मुलांना महाविद्यालयासाठी लवकर तयार करायचे, हा तिचा उद्देश. अमेरिकेचे सर्वच अनुकरणीय असते असे मुळीच नाही, पण या योजनेतील एक बाब घेण्यासारखी आहे. तेथे अनुदान मुख्यतः राज्यांना आणि शाळा, महाविद्यालये व स्थानिक संस्था यांच्या गटाला मिळते. सातवीतली सबंध तुकडी धरायची आणि शाळा संपेपर्यंत तिच्याबरोबर चालायचे. शिकवणी, महाविद्यालयाची भेट, पालकांशी बोलणे, सारे त्यात येते. आपल्याकडे पैसा थेट मुलाला मिळतो, मधले दलाल राहत नाहीत, हे उत्तमच. पण मुलाबरोबर चालणारे मात्र कोणी नसते.

ते चालणे शासनाकडून होणारही नाही. ते समाजाने करायचे असते, आणि आपल्या समाजाला ते नवीन नाही. गावोगावी वार लावून जेवलेली मुले पुढे वकील, शिक्षक झाली. बसवेश्वरांनी कायकाबरोबर दासोह सांगितला. त्या परंपरेत तुमकूरच्या सिद्धगंगा मठाने अन्न, अक्षर आणि आश्रय यांचा त्रिविध दासोह चालवला. शिवकुमार स्वामीजी २०१९ मध्ये १११ व्या वर्षी लिंगैक्य झाले, तेव्हा त्या मठाच्या पंगतीला जेवून शिकलेले विद्यार्थी साऱ्या कर्नाटकात होते. सीमेपलीकडच्या शासनाने शाळेतील माध्यान्ह भोजनाला ‘अक्षर दासोह’ असे नाव दिले आहे. मैंदर्गीला दासोहाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. पुण्यात १९७९ पासून स्वरूपवर्धिनीने वस्तीतील मुलांसाठी अभ्यासिका चालवल्या. शेजारच्या तुळजापूर तालुक्यात यमगरवाडीला १९९३ मध्ये भटक्या-विमुक्तांच्या मुलांची शाळा सुरू झाली, तेव्हा पालावरून मुले आणण्यापासून आरंभ करावा लागला होता. त्या मानाने येथील काम सोपे आहे. मुले शाळेत आहेतच. रोज सायंकाळी दोन तास एक खोली, एक फळा, एक दिवा आणि गणित-विज्ञान येणारा एक पदवीधर लागतो. मठ आहेत, मंदिरांचे मंडप आहेत. सुटीत घरी आलेले महाविद्यालयीन विद्यार्थीही आहेत.

अभ्यासाइतकेच कागदांचे काम आहे, आणि कार्यकर्ते नेमके त्याला कंटाळतात. व्याख्यानाला दोनशे माणसे जमवणारा कार्यकर्ता अर्ज भरायला बसायचे म्हटले की दुसऱ्याकडे पाहतो. परीक्षा उत्तीर्ण झाली, यादीत नाव आले, की पालक समजतात आता पैसे येतील. ते आपोआप येत नाहीत. नववीत गेल्यावर राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज भरावा लागतो. आधी शाळेने आणि मग जिल्ह्याने तो पडताळावा लागतो. पुढे दरवर्षी नूतनीकरण. दहावीला ६० टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ५५ टक्के गुण नसले तर अकरावीपासून शिष्यवृत्ती बंद. अकरावीला मूल विनाअनुदानित महाविद्यालयात गेले तर तीही हातची जाते. या प्रत्येक पायरीवर एखादे मूल गळते. कष्टाने मिळवलेली शिष्यवृत्ती केवळ मुदतीत बटण न दाबल्याने गमवावी, यासारखे दुःख नाही.

ज्यांची निवड थोडक्यात हुकते, त्यांनी निराश होऊ नये. एन.एम.एम.एस. परीक्षेत पात्र ठरूनही निवड न झालेल्या मराठा, कुणबी समाजातील मुलांना ‘सारथी’ संस्था वर्षाला ९,६०० रुपये देते. ‘महाज्योती’ इतर मागास व भटक्या-विमुक्त समाजातील विज्ञान शाखेच्या मुलांना वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेश परीक्षांचे विनामूल्य प्रशिक्षण देते. संस्था वेगवेगळ्या आहेत, वर्गवारी वेगवेगळी आहे. जातीजातींच्या या स्वतंत्र खिडक्या पाहून मन खिन्न होते हे खरे. पण खिडकी उघडी असताना त्या खिन्नतेपायी मुलाला बाहेर उभे ठेवण्यात शहाणपण नाही. गावातील अभ्यासिकेत मात्र सर्वांचे एकच सतरंजीवर बसणे असावे.

शेवटी एक अगदी बारीक बाब. येथील नावे कन्नड वळणाची आहेत. शाळेच्या दप्तरात ‘मल्लिनाथ’, आधारवर ‘मलिनाथ’, बँकेच्या पासबुकात आणखी तिसरेच. कोठे वडिलांच्या नावापुढे ‘अप्पा’ आहे, कोठे तो गळालेला आहे. पोर्टलला हा जिव्हाळा कळत नाही. नाव जुळले नाही की अर्ज अडकतो. परीक्षेचे अर्ज साधारणतः दिवाळीच्या सुमारास भरले जातात, परीक्षा डिसेंबरात होते. पण नावाची दुरुस्ती, आधारशी जोडलेले खाते आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला ही तीन कामे तेव्हा धावपळ करून होत नाहीत. ती मूल सातवीत असतानाच, उन्हाळ्याच्या सुटीत करावी लागतील. त्यासाठी अक्कलकोटला दोन-तीन खेपा होतील, आणि मजुरीवर जाणाऱ्या आईबापांची प्रत्येक खेप म्हणजे एक बुडालेला दिवस. त्या खेपा त्यांच्याऐवजी, जेथे त्यांची सही लागते तेथे त्यांच्याबरोबर, कोण घालणार, त्यांची नावे आज येथून उठण्यापूर्वी मुख्याध्यापकांच्या वहीत लिहून द्यावीत.