पाहुणा की पोटभाडेकरू?



सोमेश्वरनगरात साखर कारखान्याच्या आसऱ्याने आम्ही भाड्याच्या खोल्यांतून संसार केले. गावाकडून आजारी आई उपचारासाठी आली, भाचा शिकावयास राहिला, की घरमालकाची तंबी ठरलेली : ‘पोटभाडेकरू ठेवलात, खोली सोडा!’ तेव्हा आम्ही रागाऐवजी कायद्याने बोलावयास शिकलो.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याच्या २६ व्या कलमाप्रमाणे, करारात मुभा नसेल तर भाडेकरूला पोटभाडेकरू ठेवता येत नाही. ठेवल्यास १६ व्या कलमाखाली मालक ताबा मागू शकतो. पण पोटभाडे म्हणजे मोबदला घेऊन जागेचा स्वतंत्र ताबा दुसऱ्यास देणे. किल्ली आमच्या कंबरेला, चूल एकच. मग आई पोटभाडेकरू कशी?

मात्र आपलेही माप नीट असावे. पाहुण्याकडून पैसे घेऊन खोली त्याच्या स्वाधीन केली व आपण गावी गेलो, तर चूक आपली. शिवाय हा कायदा त्याच्या परिशिष्टांतील क्षेत्रांनाच लागू आहे; इतरत्र करारावरच भिस्त. म्हणून सहीपूर्वी करार वाचून घ्या, आणि नोटीस आली तर एकट्याने उत्तर देऊ नका, संघटनेकडे या.