मांडी हे आसन नव्हे : कौटुंबिक वाहनातील बालकांची सुरक्षितता



बल्लारपूरचे नाव निघाले की कागद, कोळसा आणि सागवान या तीन गोष्टी डोळ्यांसमोर उभ्या राहतात. कागद कारखान्याकडे येणारा बांबू, खाणींतून निघणारा कोळसा आणि वन आगारातून देशभर जाणारे सागवान यांच्या वाहतुकीने या शहराभोवतीचे रस्ते रात्रंदिवस गजबजलेले असतात. विसापूरवरून चंद्रपूरकडे, बामणीहून वर्धा नदी ओलांडून राजुऱ्याकडे आणि कोठारीवरून गोंडपिपरीच्या दिशेने जंगलातून जाणारे रस्ते ही या परिसराची जीवनवाहिनी होय.

याच रस्त्यांवरून कुटुंबेही प्रवास करतात. चैत्रात चंद्रपूरच्या महाकालीची यात्रा, महाशिवरात्रीला मार्कंड्याचे दर्शन, लग्नसराईतील वऱ्हाड, चंद्रपूरच्या रुग्णालयाची फेरी, अशा प्रत्येक प्रसंगी गावातील एखादी व्हॅन किंवा जीप ठरविली जाते. मोठी माणसे जागा धरतात आणि लहान मुले उरलेल्या जागेत सामावली जातात. कोणी आईच्या मांडीवर, कोणी दोन आसनांच्या मधल्या फटीत उभे, तर कोणी चालकाशेजारी काचेला टेकून. मुलांना तिकीट नाही, वजन नाही, म्हणून त्यांना जागाही नाही, असा एक अलिखित नियम रूढ झाला आहे. आजचे विवेचन या नियमाविषयी आहे.

मांडीचा भ्रम

आईची मांडी ही बालकाची सर्वांत सुरक्षित जागा, ही समजूत घरात खरी आहे. धावत्या वाहनात ती खरी नाही. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे ११ मीटर अंतर कापते. ती झाडावर किंवा समोरच्या ट्रकवर आदळली तर गाडी थांबते, पण आतील माणसे त्याच वेगाने पुढे जात राहतात. हा आघात सुमारे ६ मीटर उंचीवरून, म्हणजे दुमजली घराच्या गच्चीवरून पडण्याइतका असतो. वेग ६० किलोमीटर असेल तर हीच उंची १४ मीटरपर्यंत जाते.

दहा किलो वजनाच्या बालकाला अशा क्षणी, सेकंदाच्या दहाव्या भागात, हातांनी रोखून धरावयाचे झाल्यास ४० च्या वेगालाही एक क्विंटलहून अधिक भार पेलावा लागेल. धान्याचे भरलेले पोते अचानक अंगावर आले असता कोणती माता ते दोन हातांनी अडवू शकेल? येथे प्रश्न ममतेचा नसून बळाचा आहे. शिवाय आईने स्वतः पट्टा बांधलेला नसेल, तर तिच्याच शरीराचा भार बालकावर येऊन ते पुढच्या आसनावर चिरडले जाते. आई आणि मूल या दोघांभोवती एकच पट्टा बांधणे हेही तितकेच घातक होय.

बालक म्हणजे लहान आकाराचा प्रौढ नव्हे. नवजात अर्भकाचे डोके त्याच्या एकूण लांबीच्या जवळजवळ चौथा हिस्सा असते, आणि ते तोलणारी मान अत्यंत कोवळी असते. म्हणूनच तान्ह्या मुलाचे आसन गाडीच्या मागच्या बाजूला तोंड करून बसविले जाते. आघात झाल्यास त्याचा भार मानेवर न येता संपूर्ण पाठीवर विभागला जातो. थोड्या मोठ्या मुलांची कमरेची हाडे पूर्ण वाढलेली नसतात. त्यामुळे प्रौढांसाठी केलेला पट्टा त्यांच्या कमरेवरून सरकून पोटावर चढतो आणि वरचा भाग गळ्याशी येतो. याकरिता मुलाला उंच बसविणारे आसन आवश्यक ठरते.

जगाचा अनुभव

मोटारीतील तीन बिंदूंचा सुरक्षापट्टा स्वीडनमधील अभियंते निल्स बोलिन यांनी १९५९ मध्ये सिद्ध केला. त्याच देशातील प्राध्यापक बर्टिल आल्डमन यांनी १९६०च्या दशकात मागे तोंड असलेल्या बालआसनाची कल्पना मांडली. अंतराळवीर उड्डाणाच्या वेळी पाठीवर भार घेऊन कसे बसतात, हे पाहून त्यांना ती सुचली. अमेरिकेतील टेनेसी राज्यात १९७८ पासून बालआसनाचा कायदा अमलात आला. त्यामागे एका बालरोगतज्ज्ञाचा आग्रह होता. पुढील सातआठ वर्षांत त्या देशातील सर्व राज्यांनी त्याचे अनुकरण केले. योग्य बालआसनामुळे मोटारीतील एक वर्षाखालील अर्भकांच्या मृत्यूचा धोका सुमारे ७० टक्क्यांनी व एक ते चार वर्षांच्या मुलांचा निम्म्याहून अधिक घटतो, असा तेथील अनुभव आहे.

आपल्या देशात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी १६,७१५ व्यक्तींनी सुरक्षापट्टा बांधलेला नव्हता, आणि त्यांत जवळजवळ निम्मे चालक नसून प्रवासी होते. त्याच वर्षी ४ सप्टेंबर रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचे अपघाती निधन झाले. मोटार उत्तम प्रतीची होती. परंतु मागील आसनावर बसलेल्यांनी पट्टा बांधलेला नव्हता. मागे बसणाऱ्याला पट्ट्याची गरज नाही, हा समज किती महाग पडतो हे त्या घटनेने साऱ्या महाराष्ट्राला दाखवून दिले.

कायदा काय सांगतो

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये २०१९ साली सुधारणा होऊन कलम १९४-ब समाविष्ट करण्यात आले. चौदा वर्षांखालील बालकाला सुरक्षापट्ट्याने किंवा बालआसनाने सुरक्षित न करता वाहन चालविणे हा त्यान्वये दंडनीय अपराध असून त्यासाठी एक हजार रुपये दंडाची तरतूद आहे. दुचाकीवर नेल्या जाणाऱ्या चार वर्षांखालील मुलांसाठीही सुरक्षापट्टा, शिरस्त्राण व ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा फेब्रुवारी २०२३ पासून विहित झाली आहे. शाळकरी मुलांच्या वाहतुकीकरिता राज्यात २०११ चे स्कूल बस नियम असून त्यांत प्रत्येक शाळेसाठी परिवहन समितीची तरतूद आहे.

तथापि जंगलातील प्रत्येक वळणावर पोलीस शिपाई उभा राहू शकत नाही. कायदा दंड करू शकतो. सवय मात्र घर, शाळा आणि गावच लावू शकतात.

जुनी वाहने आणि व्यवहार्य उपाय

ग्रामीण भागात अनेक कुटुंबांची गाडी जुनी असते, हे वास्तव नाकारून चालणार नाही. १९८४ मध्ये आलेली मारुती व्हॅन, म्हणजेच पुढची ओम्नी, हिने असंख्य कुटुंबांना प्रथमच स्वतःचे चारचाकी वाहन दिले. तिचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले. तिला पुढे बॉनेट नसल्याने आघात शोषून घेण्यास फारशी जागा नव्हती आणि पुढे बसणाऱ्याचे पाय जवळजवळ पहिल्या आघातातच सापडत. अशा गाड्या अद्यापही रस्त्यावर दिसतात. म्हणून पुढील गोष्टी ध्यानात ठेवणे हिताचे होय.

जितक्या जागा तितकीच माणसे, आणि या हिशेबात मूल ही एक पूर्ण व्यक्ती. एस.टी.मध्ये पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अर्धे तिकीट असते. अपघातात मात्र अर्धी सवलत मिळत नाही.

मुलांची जागा मागील आसनावर. पुढे एअरबॅग असेल तर तेथे मागे तोंड असलेले बालआसन कदापि बसवू नये. फुगणारी पिशवीच अर्भकाचा घात करते. आडव्या बाकावर किंवा फळीवर मुलांना बसविणे टाळावे.

मुलाची उंची सुमारे १३५ ते १५० सेंटिमीटर होईपर्यंत त्याला योग्य आसन द्यावे. त्याऐवजी उशी किंवा गोधडी ठेवू नये. ती आघाताच्या क्षणी घसरते.

गाडीत पट्टेच नसतील तर बालआसनही घट्ट बसविता येत नाही. अशा वेळी माणसे कमी घ्यावीत, वेग कमी ठेवावा, रात्रीचा प्रवास टाळावा. या रस्त्यांवर चितळ आणि रानडुक्कर अचानक आडवे येतात. कचकन ब्रेक लागला तरी मोकळे मूल फेकले जाते. लांबच्या प्रवासासाठी एस.टी. हा पर्याय अधिक श्रेयस्कर होय.

बालआसनाची किंमत काही हजार रुपये असते आणि ते दोनतीन वर्षांत लहान पडते. ते एका घराने विकत घेऊन माळ्यावर टाकण्यापेक्षा बचत गटाने किंवा ग्रामपंचायतीने दोनचार आसने घेऊन गरजेप्रमाणे वापरावयास द्यावीत, हे अधिक सोयीचे. मात्र अपघातात सापडलेले किंवा तडा गेलेले आसन पुन्हा वापरू नये.

शिक्षकांनी शाळेच्या परिवहन समितीची बैठक केवळ कागदावर न ठेवता शाळेच्या दारात उभे राहून गाडीतून उतरणारी मुले मोजावीत. पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत हा विषय एकदा तरी घ्यावा. गावातील वाहनचालकांना त्या सभेस आवर्जून बोलवावे. ते आरोपी नव्हेत, गावाची मुले सांभाळणारी माणसे आहेत. अपघातात मदत करणाऱ्यास कलम १३४-अ अन्वये संरक्षण आहे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते, हेही तेथे सांगावे.

यात्रेला निघताना आपण नारळ घेतो, शिदोरी घेतो, गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवतो. त्याच वेळी मुलाला त्याची स्वतःची जागा देऊन पट्टा बांधला, तर त्या प्रवासाची सुरुवात खऱ्या अर्थाने शुभ होईल. बल्लारपूर परिसरातील प्रत्येक गाव हे काम आपल्या पहिल्याच फेरीपासून सुरू करू शकते.