अडकलेले पैसे

घाटकोपरला आम्ही राहतो त्या इमारतीच्या वरून विमानं जातात. सांताक्रूझच्या धावपट्टीवर उतरायला निघालेली, चाकं बाहेर काढलेली विमानं. पाहुणे आले की दचकतात, आम्हाला सवय झाली आहे. विमान गेलं की बोलणं क्षणभर थांबवायचं आणि मग पुढचं वाक्य बोलायचं. इतक्या जवळून जाणाऱ्या या विमानात एकदा मला वेळेवर बसायचं होतं आणि बसता आलं नाही, त्याची ही हकीकत आहे.

2022 च्या ऑगस्टमधली गोष्ट. रात्री सव्वाअकराला नागपूरहून भाच्याचा फोन आला. "मामू, अम्मी गेली." माझी थोरली बहीण. आम्ही तिला आपा म्हणायचो. आई लवकर गेल्यावर मला तिनेच वाढवलं. माझी पहिली मराठी कविता शाळेच्या हस्तलिखितात आली, तेव्हा ती साऱ्या मोहल्ल्याला दाखवत फिरली होती. ती स्वतः उर्दू शाळेत शिकलेली. कविता तिने माझ्याकडूनच वाचून घेतली आणि मग पाठ केली.

भाचा म्हणाला, "दुपारी जोहरच्या नमाजानंतर दफन आहे." आमच्यात मय्यत फार वेळ ठेवत नाहीत. म्हणजे माझ्या हातात चौदा तास होते. मुंबई ते नागपूर रेल्वेचं अंतर 837 किलोमीटर. रात्रीच्या सोयीच्या गाड्या सुटून गेल्या होत्या. समृद्धी महामार्ग तेव्हा सुरू झालेला नव्हता, आणि पावसात घाट चढून मोटारीने वेळेत पोहोचण्याची आशा नव्हती. राहिलं पहाटेचं विमान. दीड तासात नागपूर.

मी छापखान्यात मुद्रितं तपासण्याचं काम करतो. बँकेत माझं एकच खातं, त्यात तेव्हा एकोणीस हजारांच्या आसपास रुपये होते. क्रेडिट कार्ड कधी घेतलं नाही, एटीएमचं जे कार्ड असतं तेच. मुलीने मोबाइलवर तिकीट काढायला घेतलं. आठ हजार सातशे चाळीस रुपये. नाव, वय, कार्डाचा नंबर, मग मोबाइलवर आलेले सहा आकडे. पडद्यावर एक चक्र फिरत राहिलं. मग बँकेचा संदेश आला, पैसे वजा झाले. आणि विमान कंपनीच्या पानावर अक्षरं उमटली, व्यवहार अयशस्वी, पुन्हा प्रयत्न करा.

आम्ही पुन्हा प्रयत्न केला. सांगितलं ते ऐकायची आपल्याला सवय असते. पुन्हा तेच झालं. पंधरा मिनिटांत सतरा हजार चारशे ऐंशी रुपये गेले आणि तिकीट एकही नाही.

मग फोन. आधी विमान कंपनीला. हिंदीसाठी अमुक दाबा, इंग्रजीसाठी तमुक दाबा. संगीत वाजायला लागलं. "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे" अशा अर्थाचं वाक्य मी किती वेळा ऐकलं ते मोजलं नाही, पण चाळीस मिनिटं गेली. अखेर एक मुलगी बोलली. आवाज गोड, झोपेला आलेला. म्हणाली, "सर, आमच्याकडे पैसे आलेलेच नाहीत. बँकेला विचारा." बँकेच्या माणसाने सांगितलं, "आमच्याकडून पैसे गेलेत. कंपनीला विचारा." मी म्हटलं, "अहो, माझी बहीण वारली आहे." तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "सॉरी सर. पाच ते सात दिवसांत पैसे परत येतील."

त्याच्यावर माझा राग नाही. त्याच्यासमोरच्या पडद्यावर जे लिहिलं होतं तेच तो वाचत होता.

मग हे पैसे होते कुठे? नंतर एका जाणकार मित्राने मला समजावून सांगितलं. आपण कार्डाचे आकडे घालतो तेव्हा पैसे लगेच दुकानदाराच्या गल्ल्यात पडत नाहीत. आपली बँक, कार्डाची कंपनी, मध्ये पैसे गोळा करणारी संस्था, दुकानदाराची बँक आणि दुकानदार अशी ती साखळी असते. आपली बँक आधी रक्कम बाजूला काढते आणि "होय, पैसे आहेत" असा निरोप पुढे पाठवते. तो निरोप वाटेत हरवला किंवा उशिरा पोहोचला, तर दुकानदाराच्या लेखी आपण पैसे दिलेलेच नसतात. साडीच्या दुकानात पसंत पडलेली साडी बाजूला काढून ठेवतात ना, तसे आपले पैसे बाजूला काढलेले असतात. फरक इतकाच की गिऱ्हाईक आलं नाही तर दुकानदार ती साडी संध्याकाळी परत घडवंचीवर ठेवतो, आपले पैसे मात्र हिशेब जुळेपर्यंत कितीतरी दिवस तिथेच पडून राहतात.

ज्याच्याकडे क्रेडिट कार्ड असतं त्याची फक्त उधारीची मर्यादा काही दिवस कमी होते. ज्याच्याकडे एकच खातं, त्याचा महिन्याचा किराणा अडकतो. यंत्राला दोघं सारखेच.

ती रात्र मी खुर्चीत बसून काढली. खात्यात दीड हजार उरले होते. पहाटे साडेपाचला दुधाची पिशवी घ्यायला समोरच्या बेन बाहेर आल्या. वीस वर्षांचा शेजार. माझ्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, "क्या हुआ भाई?" मी सांगितलं. त्या आत गेल्या, मुलाला उठवलं. त्याने आपल्या कार्डावर पाच मिनिटांत तिकीट काढून दिलं. पण पहाटेचं विमान भरलं होतं. मिळालं ते दुपारचं.

मोमिनपुऱ्यात पोहोचलो तेव्हा अडीच वाजून गेले होते. लोक कब्रस्तानातून परतत होते. भाच्याच्या हाताला अजून माती होती.

पैशांचं काय झालं, तेही सांगतो. पहिली रक्कम चौथ्या दिवशी परत आली, दुसरी नवव्या. मी ते सगळं सोडून दिलं असतं. पण दोन महिन्यांनी आमच्या छापखान्यात ग्राहकांसाठीच्या एका माहितीपुस्तिकेची मुद्रितं माझ्यासमोर आली. ऱ्हस्व-दीर्घ तपासता तपासता वाचलं. रिझर्व्ह बँकेने 20 सप्टेंबर 2019 रोजी एक परिपत्रक काढलं आहे. ऑनलाइन खरेदीत कार्डावरून पैसे गेले आणि दुकानदाराला खात्रीचा निरोप मिळाला नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई. आणि ही भरपाई ग्राहकाने तक्रार करण्याची वाट न पाहता बँकेने स्वतःहून द्यायची.

स्वतःहून मला कोणी दिली नव्हती. मी त्या परिपत्रकाचा दाखला देऊन बँकेला साधं पत्र लिहिलं. तारखा लिहिल्या, संदेशांच्या प्रती जोडल्या. तीन आठवड्यांनी खात्यात चारशे रुपये जमा झाले. सोबत एक ओळही नव्हती.

चारशे रुपयांनी काय होतं, असं तुम्ही म्हणाल. पण एक लक्षात घ्या. टाळेबंदीत, 2020 च्या मार्चमध्ये विमानं बंद झाली, तेव्हा अनेक कंपन्या तिकिटाचे पैसे परत देण्याऐवजी पुढच्या प्रवासासाठी ते आपल्याकडेच जमा ठेवत होत्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि परताव्याबद्दलचा निकाल त्या वर्षी 1 ऑक्टोबरला लागला. कोणीतरी मागितलं म्हणून लागला. नियम कपाटात असतो, तो बाहेर काढायला कोणीतरी दार वाजवावं लागतं. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याला पैसे पडत नाहीत, वकील लागत नाही. आणि पैसे वजा झाले, तिकीट आलं नाही, तर त्याच खात्यातून घाईने दुसऱ्यांदा प्रयत्न करू नका. मी केला, त्यामुळे हात पूर्ण बांधले गेले.

नागपूरहून परतल्यावर बेनना त्यांचे पैसे द्यायला गेलो, तर त्या माझ्यावर रागावल्या. म्हणाल्या, "रातभर फोन पे अनजान लोगों को बताया. मेरा दरवाजा कायको नहीं ठोका?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. इतक्या रात्री कोणाची झोप कशाला मोडा, एवढाच विचार मी केला होता. त्यांचं दार माझ्या दारापासून चार पावलांवर आहे. त्या रात्री पावणेबाराला ते वाजवलं असतं, तर पहाटेच्या विमानात कदाचित जागा मिळाली असती.

आता विमान डोक्यावरून गेलं की मी बोलणं थांबवतो, ते नेहमीप्रमाणेच. फक्त पुढचं वाक्य सुचायला थोडा वेळ लागतो.